हवामान बदलाविरोधात आंदोलन करणाऱ्यांनी जगप्रसिद्ध चित्रांना लक्ष्य करावं की राजकारण्यांना?

राजकारण्यांना. ऑक्टोबर 2022 मध्ये लंडनच्या नॅशनल गॅलरीत ‘जस्ट स्टॉप ऑइल’ या ब्रिटिश आंदोलक गटाच्या दोन तरुण कार्यकर्त्यांनी व्हॅन गॉगच्या सूर्यफुलांच्या चित्रावर टोमॅटो सूप फेकलं. काच होती म्हणून चित्र वाचलं, जुन्या चौकटीचं मात्र नुकसान झालं. बातमी जगभर गेली, पण लोक बोलत राहिले ते चित्राबद्दल आणि शिक्षेबद्दल (पुढे दोघांना तुरुंगवास झाला). ब्रिटनने तेल आणि वायूचे नवे परवाने देऊ नयेत, ही त्यांची मूळ मागणी. ती किती जणांच्या कानावर पडली? आणि ती रास्त होती, म्हणून जास्त वाईट वाटतं.

ऑगस्ट 2023 मध्ये ग्रीनपीसच्या कार्यकर्त्यांनी तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनक यांचं यॉर्कशायरमधलं घर काळ्या कापडाने झाकलं. उत्तर समुद्रात शंभराहून अधिक नवे परवाने देण्याची घोषणा त्यांच्या सरकारने नुकतीच केली होती. निर्णय कोणाचा आणि राग कोणावर, हे वेगळं समजावून सांगावं लागलं नाही. त्या वेळी कुटुंब घरी नव्हतं. घरात मुलंबाळं असताना कोणी असं केलं, तर माझा विरोध राहील. संसद, मंत्रालयं, जाहीर सभा मात्र जरूर अडवाव्यात.