आधी फायलिंग, मग पोस्टर

प्रश्न : ताई नमस्कार, मी कळव्याला राहते, केमिस्ट्रीत पीएचडी करतेय, चौथं वर्ष चालू आहे. कोळंबीच्या सालांपासून जे कायटोसान काढतात त्याचे मणी करून त्यात मी एक बदल केलाय, प्लेटिंगच्या (धातूचा मुलामा देण्याच्या) सांडपाण्यातलं निकेल हे मणी मस्त ओढून घेतात आणि ॲसिडने धुतले की परत वापरता येतात. वागळे इस्टेटमधले एक प्लेटिंगवाले काका म्हणतात माझ्याकडे ट्रायल घे, दोन लाख देतो, पेटंट जॉइंट नावावर करू. आमचे गाईड सर म्हणतात पुढच्या महिन्यात कॉन्फरन्स आहे, पोस्टर टाकून दे, पेटंटचं नंतर बघू. युनिव्हर्सिटीचा आयपी सेल (पेटंट वगैरे बघणारा विभाग) म्हणजे एक कपाट आणि एक क्लार्क. मग हे पेटंट कुणाचं, माझं, सरांचं की युनिव्हर्सिटीचं?

उत्तर : आधी पोस्टर थांबव, बाकीचं मग बोलू.

फाईल करायच्या दिवशी ती गोष्ट जगात कुठेही उघड झालेली नको, पेटंटची ही पहिली अट. आपल्या कायद्यात कलम ३१ मध्ये थोडी सूट आहे, म्हणजे विद्वत्सभेसमोर पेपर वाचला तर १२ महिन्यांच्या आत फाईल करता येतं, आणि गाईड लोक नेमकं हेच अर्धवट ऐकून बिनधास्त असतात. पण कुठल्या हॉटेलातली कॉन्फरन्स विद्वत्सभा ठरते यावर वाद घालायची वेळ आपल्यावर का आणायची? आणि युरोपात ही सूट चालत नाही, तिकडे पोस्टर लागलं की विषय संपला.

मी आयपी सेलमध्ये होते तेव्हाचं सांगते. एका पोराच्या पोस्टरसमोर मी हातात कटिंग घेऊन उभी होते. त्याने मटेरियल बरणीत भरून ठेवलेलं, बाजूला ग्राफ, खाली रेसिपी, तापमान आणि किती मिनिटं ढवळायचं त्यासकट. दोन माणसं आली, कंपनीचे बिल्ले उलटे करून, आणि शांतपणे मोबाईलवर एकेक कोपरा झूम करून फोटो काढून गेली. पोरगा खूश, म्हणे मॅडम इंडस्ट्रीला इंटरेस्ट आहे. फाईल काहीच केलेलं नव्हतं.

थिसीसचंही तेच. तो शोधगंगेवर, म्हणजे थिसीसच्या ऑनलाईन संग्रहावर, चढला की उघड झाला, लायब्ररीत शेल्फवर लागला तरी उघड झाला. तेव्हा जमा करतानाच अर्ज दे की पेटंट फाईल होईपर्यंत अपलोड लांबवा, बऱ्याच ठिकाणी मान्य करतात, फक्त मागावं लागतं.

आता यावर उपाय काय तर प्रोव्हिजनल, म्हणजे तारीख पक्की करणारा तात्पुरता अर्ज. ऑनलाईन फी १६०० रुपये, तू स्वतःच्या नावावर केलंस तरी आणि युनिव्हर्सिटीने केलं तरी, कारण २०२१ पासून शिक्षणसंस्थांनाही वैयक्तिक अर्जदाराचाच दर आहे. मुंबईचं पेटंट ऑफिस अँटॉप हिलला आहे पण जावं लागत नाही, सगळं घरबसल्या होतं. त्या तारखेपासून १२ महिन्यांत कम्प्लीट, म्हणजे पूर्ण तपशिलाचा अर्ज द्यायचा. म्हणजे कॉन्फरन्सच्या आदल्या दिवशी जरी फाईल झालं तरी पोस्टर लावायला तू मोकळी. पण प्रोव्हिजनल म्हणजे पोस्टरचाच मजकूर चिकटवायचा असं नाही हां, जे त्यात लिहिलं नाही त्याला ती तारीख मिळत नाही. मण्यांचा साईझ, पीएच कुठून कुठपर्यंत चालतो, किती वेळा धुवून वापरले, काय फसलं, सगळं लिही. आणि एक कडू गोष्ट, कायटोसान धातू ओढतं हे खूप जुनं ज्ञान आहे, त्यावर ढिगाने पेपर पडलेत, त्यामुळे तुझं पेटंट झालंच तर तू केलेल्या त्या बदलावर होईल. गुगल पेटंट्स आणि एस्पेसनेट या पेटंट शोधायच्या साइट्सवर दोन रात्री बसून शोध, पेटंट एजंटला पैसे द्यायच्या आधी.

कुणाचं हा प्रश्न, तर इथे दोन गोष्टींची गल्लत होते. शोधक वेगळा, मालक वेगळा. शोधक तोच ज्याच्या डोक्यातून तो बदल आला. गाईडने आयडियेत भर घातली असेल तर त्यांचं नाव हवंच, पण गाईड आहेत किंवा एचओडी आहेत म्हणून नाव घालायचं नसतं, आणि मशीनवर रीडिंग काढून देणाऱ्या मित्राचे फक्त आभार. मालकीचं मात्र आपल्याकडे मोघम आहे. १९७० चा पेटंट कायदा म्हणतो अर्ज शोधक करेल किंवा त्याने ज्याला हक्क लिहून दिले तो करेल, नोकराने किंवा विद्यार्थ्याने लावलेला शोध कुणाचा यावर कायदा गप्प. अमेरिकेत १९८० मध्ये बे-डोल कायदा आला, सरकारी पैशातल्या शोधाची मालकी युनिव्हर्सिटीला ठेवता येईल असा, आपणही २००८ मध्ये तसं बिल राज्यसभेत आणलं आणि २०१४ मध्ये मागे घेतलं. म्हणून उत्तर तुझ्याच फायलीत आहे, ॲडमिशनच्या वेळी सही केलेलं हमीपत्र, युनिव्हर्सिटीची आयपी पॉलिसी आणि फेलोशिपचं मंजुरीपत्र. हे तीन कागद काढ. त्या क्लार्कशी गोड बोल, पॉलिसीची पीडीएफ बहुतेक त्याच्याच कॉम्प्युटरवर असते. केंद्राचं २०१९ चं स्टार्टअप धोरण म्हणतं की संस्थेची साधनं बऱ्यापैकी वापरली तर हक्क संस्था आणि शोधक मिळून, अजिबात वापरली नाहीत आणि अभ्यासक्रमाचा भागही नसेल तर सगळं शोधकाचं. पण ती मार्गदर्शक तत्त्वं आहेत, तुमच्या युनिव्हर्सिटीने ती स्वीकारलीत का ते बघ.

आता काका. काका चांगले असतील, चहा पाजत असतील, पण जॉइंट नावाला नको म्हण. कलम ५० वाच, एकदा सहमालक झाले की ते मणी ते स्वतःच्या धंद्यात आयुष्यभर वापरतील आणि तुला एक रुपया द्यायचं बंधन नाही. आणि तू रबाळ्याच्या दुसऱ्या कुणाला लायसन्स द्यायला गेलीस तर काकांची सही लागणार! म्हणजे ज्याला वापरायचंय तो मोकळा आणि जिच्याकडे फॅक्टरी नाही ती अडकलेली. (युनिव्हर्सिटीचीही हीच अडचण असते, तिला स्वतःला प्लेटिंग थोडंच करायचंय, लायसन्स देता आलं नाही तर ते पेटंट भिंतीवर लावायच्या कामाचं.) काकांना लायसन्स द्या. फक्त निकेलपुरतं, ठाणे जिल्ह्यापुरतं, तीन वर्षांसाठी, आणि एकट्यालाच हवं असेल तर दरवर्षी किमान अमुक इतकी रॉयल्टी, माल वापरा नाहीतर वापरू नका. दोन लाख ट्रायलचे म्हणून युनिव्हर्सिटीच्या खात्यात पत्रासकट येऊ देत, तुझ्या जीपेवर नको. ट्रायलच्या आधी एनडीए, म्हणजे गुपित राखायचा करार.

आणि त्यांच्या फॅक्टरीत जाशील तेव्हा गेटवर जे पुढे करतील त्यावर वाचल्याशिवाय सही करू नकोस, हसू नकोस, खरंच सांगतेय. स्टॅनफर्डचा एक संशोधक सीटस नावाच्या कंपनीत टेक्निक शिकायला गेला होता, तिथे त्याने व्हिजिटर म्हणून एका फॉर्मवर सही केली. युनिव्हर्सिटीच्या कागदावर त्याने लिहून दिलेलं 'हक्क देईन', कंपनीच्या कागदावर होतं 'हक्क देत आहे'. भांडण अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, २०११ मध्ये स्टॅनफर्ड हरलं.

प्रश्न : मी ऐरोलीच्या कॉलेजमध्ये लास्ट इयर आयटीला आहे. आमच्या चौघांच्या ग्रुपने बसच्या वेळा सांगणारं ॲप बनवलंय, कॉलेज म्हणतं प्रोजेक्ट आमचं, पेटंट आम्ही करणार. असं असतं का?

उत्तर : नुसत्या कॉम्प्युटर प्रोग्रॅमवर आपल्याकडे पेटंट होत नाही, कलम ३ मध्येच वगळलंय, तेव्हा कॉलेजला शुभेच्छा. कोडवर कॉपीराइट असतो, तो लिहिला की आपोआप तयार होतो आणि लिहिणाऱ्याचा असतो. नोकराने नोकरीत लिहिलं तर मालकाचा, पण तुम्ही कॉलेजचे नोकर नाही, उलट फी भरताय. फक्त प्रोजेक्ट फॉर्मवर हक्क लिहून दिलेत का ते तपासा. मला कॉलेजपेक्षा तुमच्या चौघांचीच काळजी वाटते, आत्ताच बसून एका पानावर लिहा कुणाचा किती वाटा, कारण एकाला पुण्यात जॉब लागला आणि दुसऱ्याला ॲप विकायचं असलं की मैत्री वगैरे काही आठवत नाही.

प्रश्न : नेरुळला एका कॉलेजात असिस्टंट प्रोफेसर आहे, नाव नको. नॅकसाठी (कॉलेजच्या मूल्यांकनासाठी) प्रत्येकाने वर्षाला दोन पेटंट असं प्रिन्सिपल सरांनी सांगितलंय. व्हॉट्सॲपवर एक जण सहा नावांत पाचवं नाव देतो म्हणतोय, सर्टिफिकेटसकट. सगळेच करतात. करू का?

उत्तर : नका करू सर. त्यातलं बरंचसं डिझाईन रजिस्ट्रेशन असतं, म्हणजे वस्तू दिसते कशी एवढ्यापुरतं, तो कायदाच वेगळा, २००० चा. आणि पेटंट असलंच तर ते नुसतं पब्लिश झालेलं. १८ महिने झाले की अर्ज आपोआप पब्लिश होतो, फॉर्म ९ भरला तर लवकरही होतो, त्याचा अर्थ कुणी तपासलंय असा अजिबात नाही. तपासणीसाठी वेगळा अर्ज करावा लागतो, २०२४ च्या नियमांपासून त्याला ३१ महिन्यांची मुदत आहे, आणि तुमचा व्हॉट्सॲपवाला तो अर्ज करणारच नाही कारण त्याचे पैसे आधीच मिळालेले असतात. शिवाय फॉर्मवर सही तुमची, की मी शोधक आहे म्हणून.

प्रिन्सिपलना त्यापेक्षा हे विचारा की कॉलेजचं लायसन्स दिलेलं पेटंट कुठलं आणि त्यातून किती पैसे आले. बहुतेक विषय बदलतील.

आणि त्या माणसाला एकदा मेसेज टाकून बघाच, की इन्व्हेन्शन काय आहे दोन ओळीत सांगा. माझ्या ओळखीच्या एका सरांनी विचारलं होतं. उत्तर आलं, "सर पेमेंट झालं की टायटल कळवतो."