एका वेळी एकच बाटली

प्रश्न : वय २९. गेल्या महिन्यात फेसवॉश, ग्लायकोलिक ॲसिडचं टोनर, व्हिटॅमिन सीचं सीरम, रेटिनॉल आणि सनस्क्रीन अशा पाच वस्तू आणल्या आणि त्याच दिवसापासून लावायला लागले. दहा दिवसांनी गालांची आग होऊ लागली. नाकाच्या कडेची सालं निघतात. आता रोजचं मॉइश्चरायझरही झोंबतं. यातलं बंद काय करू? (वाचक, नाशिक)

उत्तर : सगळंच. आजवर चालत आलेलं मॉइश्चरायझर झोंबायला लागलं, याचा अर्थ त्वचेचा सर्वांत वरचा थर फाटका झालाय. या थरात मृत पेशी विटांसारख्या रचलेल्या असतात आणि मधे स्निग्ध पदार्थांचा गिलावा असतो. ग्लायकोलिक ॲसिड विटांची पकड सैल करतं, रेटिनॉल पेशींची उलाढाल वाढवतं. दोन्ही एकदम सुरू झाली की थर पुरता बांधून होण्याआधीच सुटतो. मग आतलं पाणी उडून जातं आणि बाहेरचं काहीही आत शिरून चुरचुरतं.

दोन ते चार आठवडे एवढंच करा : सकाळी नुसतं पाणी, तेही गरम नको. रात्री फेस न होणारा सौम्य क्लीन्झर. चेहरा अर्धवट ओला असतानाच ग्लिसरीन किंवा सेरामाइड (त्या गिलाव्यातलाच एक स्निग्ध पदार्थ) असलेलं, बिनवासाचं मॉइश्चरायझर. नाकाच्या कडांना वरून व्हॅसलीनचा पातळ हात. दिवसा झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन. ते सहसा झोंबत नाही. सूज आली किंवा पाणी सुटू लागलं, तर मात्र थांबू नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

आग पूर्ण थांबली की एकेक वस्तू परत आणा, दोन वस्तूंमधे किमान दोन-तीन आठवडे जाऊ द्या. हे अंतर कंटाळवाणं आहे खरं, पण पाच वस्तू एकदम लावल्यावर गुन्हेगार कोण हे कुणालाच सांगता येत नाही, आम्हालाही नाही. प्रत्येक वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला, नाण्याएवढ्या जागी, दिवसातून दोनदा, ७ ते १० दिवस लावून बघा. फेसवॉश असेल तर तोंडावर जितका वेळ ठेवता तितकाच वेळ ठेवून धुवा. एका रात्रीची चाचणी पुरत नाही, कारण ॲलर्जी उमटायला कित्येकदा काही दिवस जातात.

रेटिनॉल सगळ्यात शेवटी, ०.२ किंवा ०.३ टक्क्यांचं. पहिले दोन आठवडे आठवड्यातून दोनच रात्री, मग एक रात्र आड. त्वचा कुरकुरली तर पुन्हा दोनवर या. चेहरा धुऊन टिपा आणि पूर्ण सुकू द्या, ओल्या कातडीवर ते जास्त बोचतं. अख्ख्या चेहऱ्याला वाटाण्याएवढा थेंब पुरे. पापण्या, नाकपुड्यांची खाच आणि ओठांचे कोपरे सोडा. खाली आणि वर मॉइश्चरायझर लावलं तरी चालतं. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल, तर रेटिनॉलला हातच लावू नका.

आणि ग्लायकोलिकचं टोनर? आमचं ऐकाल तर ते मैत्रिणीला देऊन टाका. रेटिनॉल चालू असताना तुम्हाला त्याची गरज नाही.

प्रश्न : अडापलीन (तारुण्यपिटिकांवरचं, रेटिनॉलच्याच कुळातलं औषध) लावायला लागल्यापासून तारुण्यपिटिका वाढल्यात. 'आतली घाण बाहेर येतेय, येऊ दे' असं ताई म्हणते. थांबू की चालू ठेवू? (वाचक, कोल्हापूर)

उत्तर : घाण वगैरे काही नसते. डोळ्यांना न दिसणारी, आधीच तुंबलेली छिद्रं असतात. ती पुढे कधीतरी फुगणारच होती, ती आता लवकर वर येतात. नेहमीच्याच जागी पुटकुळ्या असतील आणि चार-सहा आठवड्यांत ओसरत असतील तर चालू ठेवा. कधीच येत नव्हत्या अशा जागी पुरळ आलं, खाज सुटली किंवा चट्टे पडले, तर ती त्वचेची तक्रार आहे. थांबवा.

प्रश्न : एसपीएफ ५०चं सनस्क्रीन लावूनही वांग गडद होतोय. ५० ग्रॅमची ट्यूब चार महिने पुरते, म्हणजे नियमित लावते. (वाचक, पुणे)

उत्तर : चार महिने पुरते यातच उत्तर आहे. एसपीएफचा आकडा काढताना दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम थर लावलेला असतो. चेहरा आणि मान मिळून तर्जनी व मधलं बोट भरून दोन रेघा, म्हणजे साधारण एक ग्रॅम. दिवसातून एकदाच लावलं तरी ट्यूब पन्नास दिवसांत संपायला हवी. उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. दोन रेघा एकदम फासल्या तर गोळे होतात. एक लावा, मुरू द्या, मग दुसरी.

वांगाच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे : तो दिसणाऱ्या प्रकाशानेही गडद होतो आणि साध्या सनस्क्रीनमधून तो प्रकाश आरपार जातो. आयर्न ऑक्साइड असलेलं, त्वचेच्या रंगाचं सनस्क्रीन घ्या. चेहरा पांढराफटक दिसण्याचीही तक्रार त्याने मिटते. खिडकीशी बसून काम करत असाल तर घरातही लावा, काच यूव्हीए (उन्हातले त्वचेत खोल शिरणारे अतिनील किरण) पुरतं अडवत नाही.

प्रश्न : औषधांच्या दुकानातून गोरं करणारी क्रीम घेतली होती. आठ महिने लावतेय. एक दिवस चुकला तरी चेहरा लालबुंद होतो. आता नवीन रूटीन सुरू करायचंय. (वाचक, सोलापूर)

उत्तर : ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादं नाव असेल तर ती स्टेरॉइडची क्रीम आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही आठवडेच लावायची ही औषधं महिनोन्‌महिने लावली की त्वचा पातळ होते, बारीक शिरा दिसू लागतात, लव वाढते, पुरळ येतं. बंद केली की लाली उसळते, म्हणून माणूस पुन्हा तीच लावतो. वर लिहिलेलं काहीही आत्ता सुरू करू नका, ना रेटिनॉल ना ॲसिड. लिंबू-बेसनही नको. ट्यूब फेकून न देता सोबत घ्या आणि याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. ती एकदम थांबवायची की हळूहळू कमी करायची, हे ताकद आणि महिने बघून तेच ठरवतील.