एच-इंडेक्स नंतर, आधी नाव नीट कर

पीएचडीच्या पहिल्याच वर्षी एच-इंडेक्सची काळजी? अगं, एच-इंडेक्स ५ म्हणजे किमान ५ सायटेशन्स (इतरांच्या पेपरांत आलेले संदर्भ) मिळालेले ५ पेपर. त्याला वर्षं लागतात, आणि ती सगळ्यांनाच लागतात.

आधी नावाचं बघ. माझ्या पहिल्या पेपरवर पूर्ण नाव, दुसऱ्यावर नुसती आद्याक्षरं, तिसऱ्यावर लग्नानंतरचं आडनाव. पबमेडवर (वैद्यकीय पेपर शोधायची साइट) शोधलं की अर्धंच काम दिसायचं. तू आजच एक रूप ठरव, ऑर्किड, म्हणजे संशोधकाचा १६ अंकी ओळख क्रमांक, काढ (फुकट मिळतो) आणि प्रत्येक पेपर पाठवताना तो भर.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:

– ‘आठ दिवसांत छापतो’ म्हणणाऱ्या जर्नलच्या मेलला भुलणं. जर्नल मेडलाइनमध्ये (निवडक वैद्यकीय जर्नल्सची सूची) आहे का ते तपास, गाइडना विचार, मगच पैशांचं बोल. असल्या जर्नलमधला पेपर पुढे बायोडेटातून काढताही येत नाही, दाखवताही येत नाही.
– गूगल स्कॉलरनं (गूगलची पेपर शोधायची सेवा) तुझ्या प्रोफाइलला आपोआप जोडलेले पेपर तसेच ठेवणं. कुलकर्णी-जोशी पुण्यात गल्लोगल्ली. दुसऱ्या कुणाचा दातांवरचा पेपर तुझ्या नावावर दिसला तर लगेच काढ.

इम्पॅक्ट फॅक्टरचं (जर्नलच्या पेपरांना सरासरी किती सायटेशन्स मिळतात त्याचा आकडा) पहिला मसुदा झाल्यावर बोलू. पाषाणला आलीस की लॅबवर ये, प्रोफाइल सोबतच भरू.