रुग्णालयातील बदल लोकांना आणि कर्मचाऱ्यांना 'आपला' कसा वाटेल?

केवळ परिपत्रक काढून किंवा प्रशिक्षण घेऊन तो तसा वाटत नाही. निर्णयाचा काही भाग खरोखर त्यांच्या हाती द्यावा लागतो. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये सुरू केलेल्या 'सर्च' या संस्थेचे उदाहरण मला यासाठी सर्वांत बोलके वाटते. दवाखान्यात का येत नाही, असे विचारल्यावर आदिवासींनी मोठ्या इमारतींची भीती सांगितली, नातेवाइकांना राहायला जागा नसल्याचे सांगितले, आणि प्रेत ज्या पांढऱ्या कापडात गुंडाळतात तेच डॉक्टर-नर्सच्या अंगावर दिसते, हेही सांगितले. कोणत्याही व्यवस्थापन सल्लागाराला हे सुचले नसते! मग रुग्णालय झोपड्यांच्या वस्तीसारखे बांधले गेले, सोबतच्या आप्तांची सोय झाली आणि नाव 'माँ दंतेश्वरी दवाखाना' असे, लोकांच्या देवीचे, ठेवले गेले. पुढे कोणत्या आजारावर आधी काम करायचे, हेही दंतेश्वरीच्या जत्रेच्या निमित्ताने भरणाऱ्या आरोग्य संसदेत लोक बोलू लागले.

अर्थात, यात नेतृत्वाला आपला आराखडा बाजूला ठेवावा लागतो. बहुतेक ठिकाणी गाडी तिथेच अडते, कारण आराखडा आधीच मंजूर करून नंतर 'सूचना' मागवल्या जातात.