जमीन खचते की ढासळते?

विचारणा अशी आहे : 'ज्वालामुखीच्या प्रदेशात भूगर्भातल्या जलऔष्णिक द्रवांमुळे जमीन…' इथवर भाषांतर झालंय, पुढे 'खचते' लिहू की 'ढासळते'?

आधी 'जलऔष्णिक' काढा. तो वाचला की कोराडीच्या औष्णिक वीजकेंद्राची धुरांडी दिसतात. जमिनीखाली तापलेल्या पाण्याचं, या अर्थी 'जलतापीय' बरा. 'द्रव'ही अपुरा पडतो, कारण खाली पाण्याबरोबर वाफ, कार्बन डायऑक्साइड, हायड्रोजन सल्फाइड असं सगळं कोंडलेलं असतं. द्रव आणि वायू दोन्हींना कवेत घेणारा 'द्रायू' पाठ्यपुस्तकी वाटला तरी नेमका आहे. (कोकणातली उन्हवरे, उन्हाळे ही गावं ऊन पाण्याच्या झऱ्यांची, पण तिथली ऊब ज्वालामुखीची नव्हे.)

आता क्रियापद. आपल्याकडे रस्ता खचतो, बुरूज ढासळतो, दरड कोसळते. खचणारी गोष्ट जागच्या जागी खाली बसते. ढासळणारी आधी सुटी, पोकळ झालेली असते. तेव्हा त्या पाण्यानं नेमकं काय केलं, ते पाहूनच शब्द निवडावा लागेल.

अमेरिकेतल्या माउंट रेनियर या ज्वालामुखीवर पाण्यानं डोंगर आतून कुजवला. गंधकयुक्त वायूंपासून आम्ल तयार होतं आणि ते खडकातल्या फेल्डस्पार या खनिजाची चिकणमाती करतं. बाहेरून कडा शाबूत, आत नुसता गाळ. सुमारे ५,६०० वर्षांपूर्वी, उद्रेक चालू असताना, शिखराचा मोठा भाग आणि ईशान्येची बाजू सुटली आणि चिखलाचा लोंढा थेट प्यूजेट साउंडच्या खाडीपर्यंत गेला. इथे 'ढासळला'च हवं. 'खचला' म्हटलं तर तो लोंढा वाक्यातून गायब होतो.

न्यूझीलंडमधल्या वैराकेईचं उलट. तिथलं भूगर्भातल्या उष्णतेवर चालणारं वीजकेंद्र १९५८ साली सुरू झालं. गरम पाणी उपसत गेल्यावर खालचा दाब घटला, वरचे मऊ थर चेपले गेले आणि एका जागी जमीन सुमारे १५ मीटर खाली गेली. ही खचलीच.

अडचण येते ती इटलीत, नेपल्सजवळच्या ज्वालामुखी प्रदेशातल्या पोत्सुओलीला. १९८२ ते १९८४ दरम्यान तिथली जमीन सुमारे १.८ मीटर वर आली, हजारो लोकांना घरं सोडावी लागली, आणि नंतर ती हळूहळू खाली गेली. खालचे द्रायू वाट काढून निसटले की दाब ओसरतो, असं त्याचं एक स्पष्टीकरण. तिथे मी 'जमीन फुगली' आणि मग 'उतरली' असंच लिहीन, सूज उतरते तसं.