न्यूट कोणताही घ्या, आधी मे महिन्याचं बघा

भाऊ, ‘पहिल्यांदाच पाळतो आहे, चपळ आणि सांभाळायला सोपा न्यूट सांगा, गावात लाइनचा भरवसा नाही’ हे तुमचं वाचलं आणि जुनं दुखणं उकरल्यासारखं झालं. (न्यूट म्हणजे पाण्यात राहणारा, पालीसारखा दिसणारा, बेडकाच्या नात्यातला उभयचर.)

जात विचारता तर स्पॅनिश रिब्ड न्यूट. टाकीत पैदा झालेली पिल्लं मिळतात, दिवसाढवळ्या पोहत राहतात, खाण्यावर तुटून पडतात. फायर बेली जातीचा न्यूट देखणा, पण विकायला येणारे पुष्कळसे रानातून धरलेले, आधीच खंगलेले. हिमालयीन न्यूट कुणी फुकट दिला तरी नको. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली तो संरक्षित आहे.

टाकी, फिल्टर, घट्ट झाकण हे तुम्हाला कळतंच. अडतं ते उन्हाळ्यात. न्यूटला १८-२० अंशाचं पाणी मानवतं, रिब्ड फार तर २५ पर्यंत निभावून नेतो. आपल्याकडे बाहेर ४५! कूलरच्या खोलीत टाकी ठेवून पाण्यावर छोटा पंखा सोडला की कोरड्या हवेत जमून जातं. पण दोन्हीला लाइन लागते.

आमची डीपी, म्हणजे गावातला विजेचा ट्रान्सफॉर्मर, ऐन मे महिन्यात जळाली. कार्यालयाचं नाव घेत नाही. तिथले साहेब म्हणे, या डीपीवरच्या सगळ्यांची थकबाकी भरा, मग नवीन बसवू. माझं बिल भरलेलं, पावती हातात. तरी उत्तर तेच. शेजाऱ्याच्या मोटारीचं बिल मी का भरू? जनावरं मरून राहिली म्हटलं तर विचारतात, ‘गाय की बैल?’ पाणी ३१ वर गेलं आणि दोन्ही न्यूट गेले. इन्व्हर्टरही एवढे दिवस पुरत नाही.

आता मी रांजण वापरतो. रुंद तोंडाचा, न रंगवलेला, सावलीत ओल्या रेतीत अर्धा गाडलेला, वर जाळी. लाइन गेली की न्यूट त्यात, आणि पाणी रोज थोडं बदलायचं. बर्फाच्या बाटल्या टाकू नका, तापमान एकदम खाली-वर होतं. माझ्याकडे चाललं म्हणून तुमच्याकडे चालेलच असं नाही. आधी नुसतं पाणी भरून आठवडाभर थर्मामीटर लावून बघा. आणि न्यूट पावसाळा उतरल्यावरच आणा, म्हणजे हाताळायला हिवाळा मिळतो.

नळाच्या पाण्यात ग्रामपंचायत टीसीएल (क्लोरीनची पावडर) टाकते, म्हणून ते पाणी आधी उघडं ठेवून मुरवा. खायला द्यायची गांडुळं कपाशीच्या वावरातली नकोत, फवारणी असते. गांडूळखताच्या बेडमधली लाल गांडुळंही बरेच न्यूट थुंकून टाकतात. परसात केळीखाली खणा.