वॉकर: एकाच जागी चालणारा माणूस

प्रश्न असा आलाय: ‘वॉकर’ या इंग्रजी आडनावाचा चालण्याशी संबंध आहे का? असेल तर चालतात सगळेच, मग आडनाव मोजक्यांनाच कसं लागलं?

संबंध आहे, पण हा वॉकर जायचा कुठेच नाही. एका हौदात उभा राहून कापड तुडवायचा. मागावरून उतरलेलं लोकरीचं कापड विरविरीत आणि तेलकट असतं. ते हौदात घालून वर पाणी, माती आणि चक्क माणसांचं साठवलेलं शिळं मूत्र ओतायचे (त्यातल्या अमोनियाने तेलकटपणा सुटतो) आणि तासन्‌तास पायांनी मळायचे. वीण आवळत जायची, कापड आटून दाट व्हायचं. जुन्या इंग्रजीत ‘वेआल्कन’ म्हणजे घोळवणं, लोळवणं; त्यावरून या कारागिराला ‘वेआल्केरे’. ‘वॉक’ला चालण्याचा अर्थ नंतर आला.

खरी गंमत पुढे आहे. याच धंद्याची इंग्लंडात आणखी दोन आडनावं आहेत आणि त्यांनी नकाशा वाटून घेतलाय. यॉर्कशर, लँकेशरकडे, म्हणजे उत्तरेत, वॉकर. केंट, ससेक्स, नॉरफक भागात फुलर. हा शब्द मूळ लॅटिन ‘फुलो’पासूनचा. नैर्ऋत्येला डेव्हन, सॉमरसेटमध्ये टकर. जुन्या इंग्रजीत ‘तुकिअन’ म्हणजे छळणं! एक्सेटरला या मंडळींचं १४७१ सालचं ‘टकर्स हॉल’ अजून उभं आहे. १३-१४व्या शतकात आडनावं पिढीजात होऊ लागली तेव्हा ज्या भागात कारागिराला जे म्हणत, तेच नातवंडांना चिकटलं. त्यामुळे एखाद्या टकरचे पूर्वज कुठले, याचा अंदाज आडनावावरूनच बऱ्यापैकी बांधता येतो.

यातला फुलर तुमच्या घरातही असेल. मुलतानी मातीचं पाकीट उलटून बघा, इंग्रजीत ‘फुलर्स अर्थ’ लिहिलेलं असतं. हौदात तेल शोषायला टाकायचे ती माती हीच.

पाय लवकरच सुटले. ११८५च्या टेंपलर सरदारांच्या (हा धर्मयोद्ध्यांचा संघ) नोंदींत पाणचक्कीवर लाकडी हातोड्यांनी कापड कुटणाऱ्या गिरण्या आहेत. उत्तरेत त्या गिरणीलाही ‘वॉक मिल’च म्हणत. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बेटांवर मात्र बायका ओलं कापड मेजावर आपटत, तालावर गाणी म्हणत हेच काम विसाव्या शतकापर्यंत करत होत्या. आपल्या जात्यावरच्या ओव्यांसारखंच.

स्कॉटलंडचंच आणखी एक. १८२० साली किलमारनॉकला जॉन वॉकरने वाणसामानाचं दुकान काढलं. पुढे त्याच्या नावाच्या ‘जॉनी वॉकर’ व्हिस्कीच्या बाटलीवर १९०८मध्ये ढांगा टाकत निघालेला साहेब आला आणि ‘वॉकर म्हणजे चालणारा’ हा समज जगभर पक्का झाला. मुंबईत विनोदी नट बदरुद्दीन काझींना ‘जॉनी वॉकर’ हे पडद्यावरचं नाव मिळालं तेही त्या बाटलीवरूनच. ते स्वतः मात्र पीत नसत.